शिंगराच्या पायाचे दोर आखडलेत, तुटलेत की सैल पडलेत, हे आधी ओळखा

प्रश्न माळशिरस तालुक्यातून आलाय. पहिलारू मारवाडी घोडी आज पहाटे व्याली. शिंगरू तरतरीत आहे, पण पुढचे दोन्ही पाय खुराच्या वरच्या गोल सांध्यात मुडपलेले आहेत. उभं केलं की टाचा जमिनीला लागत नाहीत आणि उजवा पाय तर पुढे दुमडून खुराच्या पुढच्या अंगावर पडतो. कुणी सांगतंय बांबूच्या कामट्या आवळून बांधा, कुणी म्हणतंय कॅल्शियम द्या, आणि गावातल्या एका जाणत्याने डाग द्यायला सांगितलंय. हे शिंगरू सुधारेल का, आणि काय करावं?

सुधारण्याची शक्यता चांगली आहे. पण पायाला हात लावण्याआधी मला सांगा, त्याच्या पोटात चीक गेला का?

हे आधी विचारतोय, कारण अशी शिंगरं पायाने मरत नाहीत, उपाशी राहून मरतात. निरोगी शिंगरू तासाभरात उभं राहतं आणि दोन तासांत सड धरतं. पाय मुडपलेलं शिंगरू उठतं, पडतं, पुन्हा उठतं, थकतं आणि काडात पडून राहतं. घरचे सगळे पायाकडे बघत बसतात. घोडीच्या पोटात असताना शिंगराला रोगाशी लढण्याची ताकद रक्तातून मिळत नाही, ती सगळी चिकातून यावी लागते. आणि ती शोषून घेण्याचं आतड्याचं दार पहिल्या सहा ते आठ तासांत सताड उघडं असतं, पुढे मिटत जातं आणि चोवीस तासांत बंद होतं. मारवाडी शिंगराचं वजन साधारण घोडीच्या वजनाच्या दहा टक्के धरा, म्हणजे 35 ते 40 किलो. त्याला पहिल्या सहा-आठ तासांत निदान एक लिटर चीक मिळायला हवा.

दोघांनी मिळून त्याला उभं धरा, एकाने छातीखाली हात घालून, दुसऱ्याने मागून आधार देऊन, आणि सडाला लावा. जमत नसेल तर स्वच्छ भांड्यात चीक काढा आणि दर तासाला पाव लिटरप्रमाणे बाटलीने पाजा. पाजताना शिंगरू छातीवर नीट बसलेलं हवं आणि तोंड आईच्या सडाच्या उंचीइतकंच वर हवं. मान ताणून घशात दूध ओतलं तर ते फुप्फुसात जातं. चोखण्याची ओढच नसेल तर बाटली बाजूला ठेवा, डॉक्टर नाकातून नळी घालून चीक पोटात सोडतील. पाजताना नाकपुड्यांकडेही लक्ष ठेवा. नाकातून दूध परत येत असेल तर टाळूला भेग असू शकते. पाय आखडलेल्या शिंगरांमध्ये असे दुसरे जन्मदोष कधीकधी जोडीने येतात, म्हणून टाळू, बेंबी, पाठीचा कणा आणि छातीचे ठोके हे सगळं एकदा तपासून घ्यायचं.

घोडीकडेही बघा. आखडलेल्या पायांमुळे विताना अडचण येते आणि घोडीला आत इजा होऊ शकते. वार तीन तासांत पडली पाहिजे. गाईची वार बारा तास राहिली तरी आपण थांबतो, तीच सवय लोक घोडीला लावतात. घोडीत अडकलेली वार अंगात विष भिनवते, त्यातून खुरांना सूज येऊन घोडी कायमची जायबंदी होऊ शकते. सहाव्या तासाला मी वाट बघत नाही, गाडी काढतो.

आता पाय.

“नस आखडली” हा शब्द आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. एक, पायाच्या मागच्या बाजूचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, खरोखर आखूड असणं. दोन, पुढच्या बाजूचा, पाय पुढे उचलणारा दोर तुटणं. आणि तीन, मागचे दोर सैल असणं. पहिल्याला आधार आणि ताण द्यावा लागतो. दुसऱ्याला आधार आणि विश्रांती लागते. तिसऱ्याला आधार दिलात तर उलट बिघडतं. ओळखायच्या आधी बांधलेली पट्टी म्हणूनच मला आवडत नाही.

ओळखायचं कसं? शिंगराला मऊ काडावर कुशीवर झोपवा, एकाने मान आणि मागचे पाय हळुवार धरावेत. तुम्ही एक हात गुडघ्यावर ठेवा, दुसऱ्या हातात खूर घ्या आणि पाय सावकाश सरळ करा. झटका द्यायचा नाही. स्वतः वीसपर्यंत मोजा, तेवढा वेळ तो ताण सहज धरून ठेवा. सांधा हळूहळू सरकत सरळ होतो का, की एका जागी दोरखंड ताणल्यासारखा अडतो? अडत असेल तर गुडघ्याखालच्या नळीच्या हाडामागे बोटं फिरवा, सतारीच्या तारेसारखा ताठ दोर लागेल. हा झाला खरा आखडलेला पाय. आता खालचा सांधा मुद्दाम दुमडा आणि मग गुडघा सरळ होतो का बघा. होत असेल तर आखूडपणा खुराकडे जाणाऱ्या दोरांत आहे. तरीही होत नसेल तर दोष गुडघ्याच्याच मागे आहे, आणि तो सुटायला जास्त वेळ आणि जास्त कष्ट लागतात.

पाय तुमच्या हातात अगदी सहज सरळ होत असेल, पण शिंगरू स्वतः चालताना खूर पुढे टाकू शकत नसेल आणि दुमडून पडत असेल, तर गुडघ्याच्या पुढच्या, किंचित बाहेरच्या बाजूला हात फिरवा. तिथे लांबट, अंड्याएवढी, दाबली तर पाण्यासारखी हलणारी सूज लागली, तर पुढचा दोर तुटलाय. तुमच्या उजव्या पायाचं वर्णन वाचून मला याचीच शंका येतेय. दोन्ही गोष्टी एकाच शिंगरात असू शकतात, कारण मागचे दोर आखूड असले की शिंगरू पाय पुढे टाकण्यासाठी धडपडतं आणि त्या ताणाने पुढचा बारीक दोर तुटतो. ही सूज कधी जन्मताच असते, कधी पहिल्या काही दिवसांत येते.

त्या सुजेत सुई घालू नका, चीरही देऊ नका. दौंडकडे एका वस्तीवर मी पोचलो तेव्हा ब्लेड उकळत ठेवलं होतं, “पू काढायचाय” म्हणून. तो पू नव्हता. तुटलेल्या दोराच्या म्यानात साठलेलं स्वच्छ पाणी होतं, आणि ते म्यान गुडघ्याला लागूनच असतं. तिथे जंतू गेले असते तर शिंगरू हातचं गेलं असतं. आपण काहीच कापलं नाही. पट्टी आणि फळी, छोट्या जागेत विश्रांती, एवढ्यावर सहा आठवड्यांत ते शिंगरू सरळ पाय टाकत धावत होतं. तुटलेली टोकं शिवावी लागत नाहीत, मधे तंतू भरून येतात आणि बाजूचा दुसरा दोर कामाला लागतो. गुडघ्यावर थोडा जाडसरपणा राहतो, इतकंच.

आखडलेल्या पायासाठी काय करायचं ते आता सांगतो.

हलकं आखडलेलं असेल, म्हणजे टाचा जेमतेम उचललेल्या आहेत आणि शिंगरू स्वतः उभं राहून पितंय, तर बऱ्याच वेळा काही बांधावंच लागत नाही. घट्ट, सपाट, न घसरणाऱ्या जमिनीवर दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं आईबरोबर चालवा. अंगाचं वजन पायावर येणं हाच सगळ्यात चांगला ताण. दमलं की बसू द्या. दिवसभर मोकळं सोडू नका, थकलेला स्नायू आणखी आखडतो. अशी शिंगरं चार-पाच दिवसांत सरळ होतात.

मध्यम असेल, तुमचं तसं वाटतंय, तर डॉक्टर शिरेतून ऑक्सिटेट्रासायक्लिन देतील. हे जंतूंसाठी वापरायचं औषध, पण नवजात शिंगरात मोठ्या मात्रेत दिलं की दोर सैलावतात. पूर्वी आम्हाला शिकवलं होतं की ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून असं होतं. आता समजूत अशी आहे की दोरातल्या पेशी तंतू आवळून धरतात ते काम हे औषध रोखतं. म्हणून कॅल्शियमच्या इंजेक्शनचा सल्ला तुम्ही बाजूलाच ठेवा, त्याने आखडलेला पाय सुटत नाही. मात्रा किलोला 44 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्या शिंगराला साधारण दीड ते पावणेदोन ग्रॅम, अर्धा लिटर सलाईनमध्ये मिसळून, सावकाश. भरभर दिलं तर शिंगरू जागेवर कोसळतं. परिणाम एक-दोन दिवसांत दिसतो आणि तीन-चार दिवस टिकतो. गरज पडली तर चोवीस तासांनी पुन्हा एकदा देता येतं. पहिल्या काही दिवसांत दिलं तरच त्याचा खरा उपयोग, महिन्याच्या शिंगराला त्याच्याकडून फार आशा ठेवू नये.

हे औषध घरात पडलेल्या बाटलीतून स्वतः देऊ नका, ही कळकळीची विनंती. गोठ्यात बहुधा लाँग अ‍ॅक्टिंगची बाटली असते, म्हणजे हळूहळू बराच काळ काम करणाऱ्या औषधाची, ती शिरेतून द्यायची नसते. आणि एवढ्या मात्रेने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. चीक न प्यालेल्या, सुकलेल्या, जुलाब लागलेल्या शिंगराला ते आधी दिलं तर पाय सरळ होईल आणि मूत्रपिंड जाईल. आधी पोटात दूध, अंगात पाणी, लघवी झालेली डोळ्यांनी बघितलेली, शक्य असेल तर मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी रक्तात क्रिएटिनिन तपासलेलं, आणि मग हे औषध. आणखी एक सांगून ठेवतो, औषध चारही पायांवर काम करतं. पुढचे पाय सुटतात तेव्हा मागचे चांगले पाय दोन-तीन दिवस जरा जास्तच खाली बसलेले दिसतील. घाबरू नका, ते परत येतात.

जोडीला फळी. बांबूच्या कामट्या नकोत. त्यांच्या कडा टोचतात, त्या पायाच्या आकाराला बसत नाहीत, आणि न टोचाव्यात म्हणून माणूस दोरी आणखी आवळतो. चार इंची पीव्हीसी पाईप घ्या, उभा कापून त्याची पन्हळ करा. दोन्ही टोकं गरम करून किंचित बाहेर वळवा आणि सगळ्या कडा कानशीने गोल करा. पायाला आधी कापसाचा सारखा थर गुंडाळा, सुरकुती राहू द्यायची नाही. गुडघ्याच्या मागचं लहान हाड, नळीच्या दोन्ही बाजूंची टोकं आणि खालच्या सांध्याची मागची बाजू, इथे हाड कातडीला लागून असतं, तिथे मध्ये भोक ठेवलेली कापसाची चकती करून ठेवा म्हणजे दाब त्या हाडावर न येता भोवती पसरेल. त्यावर क्रेप बँडेज, मग पायाच्या मागच्या बाजूने पन्हळ, आणि ती चिकटपट्टीने बांधायची. पाय आधी हाताने जेवढा सहज सरळ होतो तेवढाच करायचा आणि तिथे फळी लावायची. फळीने ओढून सरळ करायला जायचं नाही. उद्या तो आणखी बोटभर सरकतो, मग उद्याची फळी थोडी जास्त सरळ बसते.

आणि ती सोडायची. सुरुवातीला सहा तास बांधलेली, सहा तास मोकळी. पुढे कातडी चांगली राहिली तर बारा-बारा तास. दोन दिवस तशीच ठेवायची नाही, कुणीही सांगितलं तरी. हे मी चूक करून शिकलोय. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका लांबच्या वाडीवर मी फार सुबक पट्टी बांधली आणि पावसामुळे तिसऱ्या दिवशी पोचलो. शिंगरू उभं होतं, पाय सरळ दिसत होता, मालक खुश होता. पट्टीचा शेवटचा थर सोडला तसा वास आला. गुडघ्यामागे रुपयाएवढी कातडी काळी पडून सुटली होती आणि खाली पांढरं हाड दिसत होतं. ती जखम भरायला अडीच महिने लागले. नवजात शिंगराची कातडी आपल्या पापणीइतकी नाजूक असते, हे तेव्हापासून मी प्रत्येक मालकाला स्वतःच्या पापणीला बोट लावायला सांगून पटवतो.

फळी असताना शिंगराला स्वतः उठता येत नाही. त्या वयात ते तासाला चार-पाच वेळा तरी दूध पितं. म्हणजे रात्रीसुद्धा कुणीतरी तिथे झोपायचं आणि निदान तासाला एकदा त्याला उठवून सडाला लावायचं. घरात माणसं कमी असतील तर फळी फक्त दिवसा बांधा. ताण देताना दुखतं, म्हणून डॉक्टर थोडं वेदनाशामक देतील, पण ते मोजूनमापून. या वयात त्या औषधांनी पोटात व्रण होतात, आणि ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या जोडीला ती मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. “दुखतंय तर अजून एक डोस” असं करू नका.

डाग देऊ नका. डाग कातडी जाळतो, आखूड दोर लांब करत नाही. जळालेली कातडी भरताना आकसते आणि पाय आणखी ओढते. वर धनुर्वाताची भीती. घोडीला विण्याआधीच्या महिन्या-दीड महिन्यात धनुर्वाताची लस दिली असेल तर चिकातून शिंगराला संरक्षण मिळतं. दिली नसेल तर डॉक्टरांना आजच सांगा, शिंगराला तयार प्रतिविष टोचतील.

सैल पायांचं थोडक्यात सांगतो, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तबेल्यात तसं शिंगरू असेल. त्यात खुराचं टोक वर उचललेलं असतं आणि सांधा जमिनीकडे बसलेला असतो, बहुधा मागच्या पायांत. यांना फळी किंवा घट्ट पट्टी बांधू नका, आधार मिळाला की स्नायू आणखी सुस्तावतो. टाचेमागचं मऊ मांस घासू नये एवढी हलकी पट्टी पुरे. रोज थोडं थोडं चालवा. बहुतेकांचे पाय एक-दोन आठवड्यांत उभे राहतात. खुराचं टोक फारच उचललेलं असेल तर नालबंदाकडून टाचेमागे दोन-तीन इंच जाणारी पातळ फळी चिकटवून किंवा चिकटपट्टीने लावून घ्या, खिळे नकोत. मात्र शिंगरू दिवस भरायच्या आधी, 320 दिवसांच्या आत जन्मलं असेल, किंवा जावळासारखे मऊ केस, ढिले कान आणि घुमटासारखं कपाळ दिसत असेल, तर चालवण्याआधी गुडघ्यांचा आणि मागच्या घोट्यांचा एक्स-रे काढा. अशा शिंगरांची तिथली लहान हाडं अजून कुर्च्याच असतात. ती वजनाखाली चेपली गेली की आयुष्यभराचं लंगडेपण येतं. तुमच्या भागातून शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय त्यासाठी सोयीचं.

आणि सांधा गरम असेल, सुजला असेल, अंगात ताप असेल, किंवा काल नीट चालणारं शिंगरू आज पाय टेकवत नसेल, तर हे वरचं सगळं सोडा. “आईचा पाय पडला असेल” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. लंगडणारं शिंगरू जंतूंनी सांधा धरलेलं आहे असंच मी समजतो, जोवर उलट सिद्ध होत नाही. त्यात तासांना किंमत असते, दिवसांना नाही. हे जंतू बेंबीतूनही शिरतात, म्हणून बेंबीला पहिले दोन-तीन दिवस सौम्य केलेलं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक रोज दोन-तीन वेळा लावणं हा ते टाळण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय. जहाल आयोडिनने बेंबीची कातडी भाजते, ते नको.

असं का झालं, तर बहुतेक वेळा कारण सापडत नाही. पोटात पायांची ठेवण चुकणं हे एक जुनं अनुमान. एक गोष्ट मात्र मी प्रत्येक घोडेवाल्याला विचारतो: गाभणपणी हिरवं कडवळ किंवा सुदान गवत खाऊ घातलं होतं का? ज्वारीच्या जातीच्या हिरव्या चाऱ्यावर राहिलेल्या घोड्यांना सांधे वाकलेली शिंगरं झाल्याच्या नोंदी आहेत, आणि घोडीच्या मूत्राशयालाही तो चारा बाधतो. नीट वाळलेला कडबा ही वेगळी गोष्ट, वाळताना त्यातलं विष बरंच उडून जातं. पुढच्या खेपेला गाभण घोडीला कडवळ देऊ नका. नुकसान काहीच नाही, दुसरा चारा आहे.

किती आशा धरावी? हाताने जो पाय पूर्ण किंवा जवळजवळ सरळ होतो, तो दोन आठवड्यांत सुधारतो आणि पुढे अकलूजच्या बाजारात तुम्ही सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. हाताने अर्धासुद्धा सुटत नाही, दोन-तीन दिवसांच्या उपचारानेही हलत नाही, आणि एक्स-रेत सांध्याचाच आकार चुकलेला दिसतो, तिथे मी मालकाला खोटी आशा देत नाही. शस्त्रक्रियेने काही पाय सुटतात, पण गुडघा घट्ट वाकलेला असेल तर तीही फारशी साथ देत नाही. असं शिंगरू महिनोन्‌महिने गुडघ्यावर सरपटत ठेवणं मला मान्य नाही, आणि तेव्हा त्याला शांतपणे जाऊ देण्याचा सल्ला मी देतो. तुमच्या वर्णनावरून तुमचं शिंगरू त्या घरचं वाटत नाही.

तर आज संध्याकाळपर्यंत एवढं करा. चीक किती मिलिलिटर गेला ते लिहून ठेवा. पहिली काळी लीद आणि लघवी झाली का ते बघा. कुशीवर झोपवून दोन्ही पाय सरळ करताना मोबाईलवर चित्रण करा, आणि उजव्या गुडघ्यावर ती सूज आहे का ते बोटांनी चाचपा. हे सगळं तुमच्या डॉक्टरांना दाखवा. फळी त्यांनी एकदा बांधून दाखवल्यावर दुसऱ्यांदा त्यांच्यासमोर तुम्ही बांधा. रात्री दोन वाजता ती सोडून कातडी बघायची वेळ तुमच्यावर येणार आहे.